हुकूम मोडणाऱ्यांची कंपनी

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची एक चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली. कर्मचाऱ्यांशी बोलताना त्यांनी आठवड्याला ९० तास कामाची भलामण केली होती. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याचं वाईट वाटतं, असं म्हटलं होतं आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असाही सवाल टाकला होता. त्याच्या सव्वा वर्ष आधी इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांपुढे ७० तासांचा आकडा ठेवला होताच. दोन्ही वेळा चार दिवस थट्टा झाली, चार दिवस संताप झाला, मग सगळे आपापल्या कामाला लागले.

९० चा आकडा संगणकाच्या धंद्यात मात्र जुना आहे. १९८३ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या ॲपल कंपनीत मॅकिंटॉश हा नवा संगणक तयार होत होता. आमची माणसं आठवड्याला नव्वद नव्वद तास राबतात, असं स्टीव्ह जॉब्ज पत्रकारांना अभिमानानं सांगे. तेव्हा हिशेब विभागातल्या मंडळींनी त्या गटासाठी राखाडी रंगाचे, टोपीवाले स्वेटशर्ट करून घेतले. त्यावर छापलं होतं : आठवड्याला ९० तास, आणि तेही मजेत. लोकांनी ते हौसेनं घातले. इथपर्यंतची गोष्ट नेतृत्वावरच्या व्याख्यानांत हमखास येते. पुढची सहसा येत नाही. मॅकिंटॉशचा मुख्य बोर्ड ज्यानं रचला त्या बरेल स्मिथनं १९८५ च्या सुरुवातीला नोकरी सोडली. त्या दिवशी त्यानं मुद्दाम तोच शर्ट घातला होता आणि त्यावरच्या ९ वर काळ्या चिकटपट्टीची फुली मारली होती. वाचणाऱ्याला दिसत होतं, आठवड्याला ० तास.

मला हा उत्तरार्ध जास्त बोलका वाटतो. व्यक्तिगत संगणकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांबद्दल आपल्यापर्यंत जे पोहोचलं, ते बहुतेक मालकांच्या स्वभावाचे किस्से होऊन पोहोचलं. जॉब्ज लोकांना तोंडावर मूर्ख म्हणायचा. मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्सला कर्मचाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ होते. कोण किती वाजेपर्यंत थांबलं हे तो पार्किंगवर नजर टाकून ओळखायचा. कमोडोर या संगणक कंपनीचा जॅक ट्रॅमिएल धंदा म्हणजे युद्ध असं मानायचा. या किश्श्यांतून न बोलता एक निष्कर्ष निघतो, की माणसं पिळली म्हणून यंत्रं घडली. तो मला पटत नाही. ज्या कंपन्यांत खरोखर काही घडलं तिथं खालच्या माणसाला ‘नाही’ म्हणायची सोय होती. कधी तोंडावर म्हणायची, कधी पाठीमागे गुपचूप करून दाखवायची, आणि काहीच जमलं नाही तर उठून शेजारच्या कंपनीत जायची. ही सोय होती म्हणून तापट मालक खपून गेला. नंतरच्यांनी ताप तेवढा उचलला.

सुरुवातीपासून बघू. स्टीव्ह वॉझ्नियाक ह्युलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटरच्या विभागात होता. ती कंपनी त्या काळी चांगल्या नोकरीचा नमुना समजली जायची. १९७० च्या मंदीत तिनं कुणाला काढलं नव्हतं. पंधरवड्यातून एक दिवस सगळ्यांनी घरी राहायचं आणि सगळ्यांनीच दहा टक्के पगार सोडायचा, असा तोडगा काढला होता. वॉझ्नियाक तिथं सुखी होता. मार्च १९७५ मध्ये मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब भरू लागला, तेव्हा तो तिथं जाऊन आपल्या संगणकाचे आराखडे फुकट वाटायचा. ते यंत्र त्यानं आधी आपल्या कंपनीपुढे ठेवलं. कंपनीला ते नको होतं. तिनं नुसतं नको म्हटलं नाही, यावर आमचा हक्क नाही असं लिहूनही दिलं. १ एप्रिल १९७६ ला ॲपल स्थापन झाली ती या कागदाच्या जोरावर. एखाद्या कंपनीनं ‘आम्हाला नको, पण तुलाही करू देणार नाही’ अशी भूमिका घेतली असती तर? आजच्या नोकरीच्या करारांत नेमकी तीच भूमिका असते, हे वेगळं सांगायला नको.

ॲपलचा पहिला मुख्य अधिकारी जॉब्ज नव्हता. १९७७ मध्ये मायकेल स्कॉट नावाचा शिस्तप्रिय गृहस्थ आणला गेला. त्यानं ओळखपत्रं काढली आणि १ नंबर वॉझ्नियाकला, २ नंबर जॉब्जला दिला. जॉब्ज चिडला आणि शून्य नंबर मागून बसला. १९८० मध्ये याच स्कॉटनं कंपनीत टाइपरायटर वापरायला बंदी केली. आपण संगणक विकतो तर आपणच तो वापरायला नको का, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. पण फेब्रुवारी १९८१ मध्ये एका बुधवारी त्यानं चाळीसएक माणसांना एकदम घरी पाठवलं आणि उरलेल्यांना जमवून बीअरचा पेला हातात घेऊन भाषण केलं. काही महिन्यांत त्यालाच जावं लागलं. शिस्त आणणारा माणूस म्हणून तो वाईट नव्हता, असं मला अजून वाटतं. त्या एका बुधवारानं त्याचं बाकी सगळं पुसून टाकलं.

मॅकिंटॉशची कल्पनाही जॉब्जची नव्हती. जेफ रॅस्किननं १९७९ मध्ये स्वस्त, सोप्या संगणकाचा हा प्रकल्प सुरू केला होता. जॉब्ज त्यात शिरला तेव्हा रॅस्किननं स्कॉटला रीतसर पत्र लिहिलं. हा माणूस भेटी ठरवून चुकवतो, विचार न करता निर्णय घेतो, दुसऱ्याचं श्रेय घेतो, अशी मुद्देसूद तक्रार होती. परिणाम काय झाला? रॅस्किनला रजेवर पाठवलं आणि प्रकल्प जॉब्जकडे गेला. तोंडावर, लेखी, रीतसर दिलेला नकार नेहमी चालत होता असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा नव्हताच चालत. म्हणून तर दुसरे मार्ग निघाले.

त्यातला सगळ्यात मजेदार मार्ग एका कपाटातून गेला. मॅकिंटॉशला फ्लॉपी ड्राइव्ह हवा होता. ॲपलचा स्वतःचा ड्राइव्ह भरवशाचा नव्हता. सोनीनं साडेतीन इंचाचा नवा ड्राइव्ह तयार केला होता, तो चांगला होता आणि तयार होता. पण जॉब्जला तो दुसऱ्या एका जपानी कंपनीकडून आपल्या पद्धतीनं बनवून घ्यायचा होता. सोनीशी बोलणी थांबवा, असा त्याचा हुकूम होता. अभियंत्यांचा प्रमुख बॉब बेलव्हिल याला वेळ पुरणार नाही हे दिसत होतं. त्यानं सोनीशी संबंध गुपचूप चालूच ठेवले. सोनीचा एक अभियंता ॲपलच्या इमारतीत येऊन काम करू लागला आणि जॉब्ज येताना दिसला की त्याला आडोशाला लपवलं जाई. एकदा त्या बिचाऱ्याला झाडूवाल्याच्या कपाटात कोंबलं. तो मुकाट्यानं आत गेला. बाहेर आल्यावर अमेरिकन व्यवसायपद्धती फार विचित्र आहेत, एवढंच म्हणाला. पुढे दुसऱ्या कंपनीनं दीड वर्ष लागेल असं सांगितलं, तेव्हा बेलव्हिलनं गुपित फोडलं. जॉब्जनं शिव्या घातल्या आणि मग हुकूम मोडल्याबद्दल त्यांचे आभार मानले. हे आभार मानण्याचं श्रेय त्याचं आहे, ते काढून घेऊ नये. पण १९८४ च्या जानेवारीत मॅकिंटॉश बाजारात आला तो एका मोडलेल्या हुकुमामुळे, हेही लिहून ठेवावं लागतं.

स्मृतीच्या चिपांचंही तेच. संगणक बंद पेटीसारखा असावा, गिऱ्हाइकानं त्यात नंतर काही घालू नये, असा जॉब्जचा आग्रह होता. १२८ किलोबाइट एवढ्या स्मृतीवर तो यंत्र विकत होता. बरेल स्मिथला हे अपुरं पडणार याची खात्री होती. त्यानं बोर्ड रचतानाच जास्त क्षमतेच्या चिपा बसतील अशी जागा ठेवली आणि त्याचा गाजावाजा केला नाही. आठ-नऊ महिन्यांत ५१२ किलोबाइटचा मॅकिंटॉश बाजारात आणता आला तो या दूरदृष्टीमुळे. स्मिथची पार्श्वभूमी इथं सांगण्यासारखी आहे. त्याच्याकडे पदवी नव्हती. ॲपलच्या दुरुस्ती विभागात तो बिघडलेले बोर्ड दुरुस्त करत बसे. ॲपलचाच प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यानं त्याला तिथून हेरून वर आणलं. बढती मिळेना तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की कंपनीतल्या बऱ्याच अभियंत्यांना मिशी आहे. त्यानं मिशी वाढवली. बढती मिळाली! त्याचा सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड हा किस्सा रंगवून सांगतो. हसून झाल्यावर जाणवतं, की इतक्या मोकळ्या म्हणवणाऱ्या कंपनीतही कोणाची गुणवत्ता दिसायची आणि कोणाची नाही, हे किती फालतू गोष्टींवर ठरत होतं.

उघड विरोधालाही थोडी जागा होती, आणि ती जागा मुख्यतः स्त्रियांनी राखली हे नोंदवण्यासारखं आहे. मॅकिंटॉश गटात दरवर्षी गमतीनं एक बक्षीस दिलं जाई : जॉब्जपुढे सगळ्यात ठामपणे उभं राहिल्याबद्दल. पहिल्या दोन वर्षी ते विपणनाचं काम बघणाऱ्या जोआना हॉफमनला मिळालं. जॉब्जनं तिच्या विक्रीच्या अंदाजांत परस्पर आकडे बदलले तेव्हा ती तडक त्याच्याकडे निघाली होती. जॉब्जला या बक्षिसाची माहिती होती आणि ते आवडायचं. मालकाशी भांडल्याबद्दल आपल्याकडच्या किती कंपन्यांत बक्षीस मिळतं? गमतीनंसुद्धा?

काहींनी भांडण्यापेक्षा वळसा घालणं पसंत केलं. चौदाव्या वर्षापासून ॲपलशी जोडलेला क्रिस एस्पिनोझा मॅकिंटॉशचं कॅल्क्युलेटर दाखवायला जॉब्जकडे जाई आणि दर वेळी नवी खोट ऐकून परत येई. रेघांची जाडी चुकली आहे, बटणं मोठी आहेत, रंग गडद आहे. शेवटी त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, ज्यात प्रत्येक गोष्ट मेनूतून बदलता येई, आणि तो जॉब्जच्या पुढ्यात ठेवला : घे, तूच कर. दहा मिनिटांत जॉब्जनं मनासारखं कॅल्क्युलेटर करून दिलं. पुढे वर्षानुवर्षं ॲपलच्या संगणकांवर तेच राहिलं.

पण आता दुसरी बाजू. जॉब्जचे सगळेच आग्रह चुकीचे नव्हते, आणि जे बरोबर होते ते त्याच्या छळवादी चिकाटीशिवाय झाले नसते, असं मानायला जागा आहे. ॲटकिन्सन गोल कोपऱ्यांचे चौकोन काढायला तयार नव्हता. ते अवघड आहे आणि गरजेचं नाही, असं त्याचं मत होतं. जॉब्ज त्याला बाहेर रस्त्यावर घेऊन गेला आणि एकामागून एक गोल कोपरे दाखवत राहिला, अगदी पार्किंगच्या पाटीपर्यंत. दुसऱ्या दिवशी ॲटकिन्सननं ते करून आणलं. संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ कमी करा म्हणून जॉब्ज गटातल्या लॅरी केन्यनच्या मागे लागला तेव्हा त्यानं हिशेब मांडला : दहा सेकंद वाचले आणि लाखो लोक रोज संगणक चालू करणार असले, तर वर्षाला कित्येक जन्मांइतका वेळ वाचेल. हा हिशेब थोडा नाटकी आहे. तरी वेळ खरोखर कमी झाला. आणि त्या गटातल्या बहुतेकांनी पुढे म्हटलंय, की आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आम्ही तेव्हा केलं. त्यांचं खोटं मानायचं कारण नाही.

मात्र नीट पाहिलं तर या दोन्ही प्रसंगांत अपमान कुठंच नाही. एकात रस्त्यावरचा फेरफटका आहे, दुसऱ्यात एक गणित. दोन्हीकडे समोरच्याला पटवून दिलंय. जॉब्जच्या अंगी हे पटवण्याचं कसब अफाट होतं. त्याच गटातल्या बड ट्रिबल यानं १९८१ मध्ये त्याला वास्तव वाकवणाऱ्या क्षेत्राचं नाव दिलं ते याचसाठी. नंतरच्या अनुकरणकर्त्यांना पटवणं अवघड गेलं, अपमान सोपा गेला. १९८४ मध्ये ॲपलच्याच लिसा या संगणकाचा गट मॅकिंटॉशमध्ये मिसळला तेव्हा जॉब्जनं त्या माणसांना जमवून, तुम्ही दुय्यम दर्जाचे आहात, असं ऐकवलं आणि बऱ्याच जणांना नारळ दिला. त्या अपमानातून कोणतं यंत्र घडलं, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

चाबकाशिवाय काम होतच नाही म्हणणाऱ्यांनी ह्यूस्टनकडे बघावं. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी फेब्रुवारी १९८२ मध्ये कॉम्पॅक सुरू केली. रॉड कॅनियन हा तिचा प्रमुख. त्याची पद्धत कंटाळवाणी वाटावी इतकी संथ होती : ज्याला ज्याला विषयाची माहिती आहे त्या प्रत्येकाला बोलावायचं, शंका निपटेपर्यंत चर्चा करायची, मगच निर्णय. आरडाओरडा नाही. या कंपनीनं पहिल्या पूर्ण वर्षात, १९८३ मध्ये, ११.१ कोटी डॉलरची विक्री केली. १९८६ मध्ये इंटेलच्या ३८६ चिपेवरचा संगणक तिनं आयबीएमच्या आधी बाजारात आणला. ज्या आयबीएमची नक्कल करून ती जगत होती तिलाच मागे टाकलं. कॅनियनचे किस्से मात्र फारसे कुणी सांगत नाही. बैठकीत सगळ्यांचं ऐकून घेण्याचा किस्सा होणार तरी कसा! १९९१ मध्ये पहिला तोटा होताच संचालक मंडळानं त्याला काढून टाकलं. भल्या माणसांची नोकरीही सुरक्षित नसते.

खुद्द आयबीएमनं तरी काय केलं? तिचा व्यक्तिगत संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला, तो फ्लोरिडातल्या बोका रेटनमध्ये, मुख्यालयापासून लांब, एका लहानशा गटानं सुमारे वर्षभरात उभा केला. डॉन एस्ट्रिज हा त्याचा प्रमुख. आपलेच सुटे भाग वापरायचे, आपलंच सॉफ्टवेअर, आपलेच विक्रेते, हे आयबीएमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नियम त्यांनी मोडले : चिप इंटेलची, सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं, विक्री बाहेरच्या दुकानांतून. फरक इतकाच, की इथं हुकूम मोडायची परवानगी वरूनच मिळाली होती. यश मिळाल्यावर ती परवानगी हळूहळू काढून घेण्यात आली, तो विभाग पुन्हा मुख्य चौकटीत बसवला गेला, आणि नंतरच्या वर्षांत आयबीएमच्या हातून हा बाजार निसटत गेला.

नकाराला शिस्त लावता येते, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या प्रयोगशाळेत होतं. तिथला एक प्रमुख बॉब टेलर दर आठवड्याला सगळ्यांना जमवायचा, एकानं आपली कल्पना मांडायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर तुटून पडायचं. टेलर वादांचे दोन प्रकार मानायचा. पहिल्यात दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याचं म्हणणं धड सांगता येत नाही. दुसऱ्यात दोघेही एकमेकांचं म्हणणं एकमेकांना मान्य होईल असं मांडू शकतात, तरी मतभेद उरतो. त्याचं काम पहिल्या वादाचं दुसऱ्यात रूपांतर करण्याचं. या खोलीतून १९७३ मध्ये आल्टो नावाचा संगणक निघाला, ज्याच्या खिडक्या आणि माउस आज आपण सगळे वापरतो. झेरॉक्सला त्याचा धंदा करता आला नाही, हा भाग वेगळा.

तो भाग वेगळा म्हटलं तरी अडचणीचा आहेच. मोकळीक पुरेशी नसते. मॅसॅच्युसेट्सच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत वाद घालायची पूर्ण मुभा होती, माणसं काढायची पद्धत नव्हती, संस्थापक केन ओल्सन कुणाचंही ऐकून घेई. १९८२ मध्ये त्या कंपनीनं व्यक्तिगत संगणकाच्या बाजारात उडी घेतली ती तीन वेगवेगळी, एकमेकांशी न जुळणारी यंत्रं घेऊन, कारण तीन गटांपैकी कुणालाच थांबवलं गेलं नव्हतं. तिन्ही आपटली. म्हणजे कुणीतरी शेवटी नको म्हणायला लागतंच, वरच्यानंही. माझं म्हणणं इतकंच, की वरचा नको म्हणत असताना खालच्याचा आवाज बंद झालेला नसावा.

तो बंद केला की काय होतं, याचा धडा व्हिडिओ खेळांच्या अटारी कंपनीनं दिला. १९७८ मध्ये तिची सूत्रं रे कसार यांच्याकडे गेली. ते कापडउद्योगातून आलेले. अटारीच्या खेळांच्या विक्रीचा मोठा वाटा मोजक्या चार प्रोग्रॅमरांच्या हातून आलेल्या कार्ट्रिजांचा होता. ते चौघे कसार यांना भेटायला गेले. पेटीवर आमची नावं तरी छापा, थोडा वाटा द्या, एवढंच मागणं. कारखान्यात जुळणी करणाऱ्यापेक्षा तुम्ही काही वेगळे नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळाल्याचं त्यांच्यातला डेव्हिड क्रेन सांगतो. १९७९ मध्ये ते चौघे बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली, जिच्या खेळांवर खेळ रचणाऱ्याचं नाव ठळक छापलं जाई. अटारीत राहिलेल्या वॉरन रॉबिनेटनं दुसरी युक्ती केली : ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली ठेवली आणि तिच्यात आपलं नाव लिहिलं. वरिष्ठांना ते तो गेल्यावर कळलं.

याच्या शेजारी जॉब्जला ठेवलं की तो उजवा ठरतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्यानं मॅकिंटॉश गटातल्या सगळ्यांना एका मोठ्या कागदावर सह्या करायला लावल्या आणि त्या सह्या संगणकाच्या प्लास्टिक पेटीच्या आतल्या बाजूला कोरून घेतल्या. गिऱ्हाइकाला त्या दिसणार नव्हत्या. ज्यांनी यंत्र घडवलं त्यांना ठाऊक होतं. नव्वद तास राबायला तयार झालेली माणसं कशामुळे तयार झाली, याचं उत्तर शर्टापेक्षा या सह्यांमध्ये मिळतं.

सह्या कंपनीतल्या सगळ्यांच्या नव्हत्या, समभागही सगळ्यांना नव्हते. डिसेंबर १९८० मध्ये ॲपलचे समभाग बाजारात आले आणि एका दिवसात शेकडो लक्षाधीश झाले. गॅरेजपासून सोबत असलेल्या, पण तासावर पगार घेणाऱ्या डॅनिएल कॉट्कीला कंपनीनं एकही समभाग दिला नाही. एका वरिष्ठानं, तू जितके देशील तितकेच मीही देतो, असं सुचवलं तेव्हा जॉब्जनं शून्य म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. वॉझ्नियाकनं मग स्वतःच्या वाट्यातले समभाग राहून गेलेल्या सहकाऱ्यांना नाममात्र किमतीत दिले. या धंद्याच्या सगळ्या इतिहासात मालकपणाचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही, आणि त्याचा व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात समावेश झाल्याचंही ऐकिवात नाही.

कॉट्कीच्याही खाली आणखी माणसं होती. ॲपलच्या पहिल्या बोर्डांवर चिपा बसवण्याचं काम जॉब्जची बहीण पॅटी हिनं बोर्डामागे एक डॉलर घेऊन केलं होतं. पुढे सांता क्लारा खोऱ्यात चिपांची आणि बोर्डांची जुळणी हजारो स्त्रियांनी केली, त्यांत बऱ्याच जणी परदेशांतून आलेल्या. चिपा धुवायला लागणारी रसायनं जमिनीखालच्या टाक्यांमधून झिरपत पिण्याच्या पाण्यात गेली. हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उघडकीला आलं. विषारी जमिनीच्या सफाईसाठी अमेरिकी सरकारनं जी यादी केली, तिच्यातली सर्वाधिक ठिकाणं असलेली काउंटी म्हणून आज सांता क्लाराच ओळखली जाते. या बायकांना कुठल्या ॲक्टिव्हिजनमध्ये जाता आलं नाही. अभियंत्याला मिळालेली ‘नाही’ म्हणायची सोय हा त्याचा गुण नव्हता, बाजारातली त्याची किंमत होती.

मग ती किंमत टिकली कशी? एक कारण कायद्यात आहे. कॅलिफोर्नियात १८७२ पासून असा नियम आहे, की नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, अशी अट घालणारा करार मुळातच निरर्थक. मॅसॅच्युसेट्समध्ये असे करार चालत. संगणकाचा धंदा बॉस्टनच्या बाजूनं कॅलिफोर्नियाकडे का सरकला, याचं एक उत्तर स्टॅनफर्डचे कायद्याचे प्राध्यापक रोनाल्ड गिल्सन यांनी १९९९ मध्ये याच फरकात शोधलं. सगळं श्रेय त्या कलमाला देता येणार नाही. कॉम्पॅक टेक्ससमध्ये वाढली, मायक्रोसॉफ्ट वॉशिंग्टन राज्यात. तरी रागावलेला अभियंता सोमवारी रस्त्यापलीकडच्या इमारतीत कामाला लागू शकतो, हे मालकाला ठाऊक असणं आणि नसणं यात फरक पडतोच.

गंमत अशी, की तेच कलम आपल्याकडेही आहे, आणि तेही त्याच वर्षापासून. न्यूयॉर्कचा वकील डेव्हिड डडली फील्ड यानं आपल्या राज्यासाठी दिवाणी कायद्याचा मसुदा केला होता. न्यूयॉर्कनं तो नाकारला. कॅलिफोर्नियानं १८७२ मध्ये स्वीकारला, आणि त्याच साली झालेल्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मध्येही त्या मसुद्यातली ही तरतूद आली. कागदावर हिंजवडीतला अभियंता ॲपलच्या क्युपर्टिनोतल्या अभियंत्याइतकाच मोकळा आहे. व्यवहारात त्याच्या पायात तीन महिन्यांची नोटीस असते, रुजू होताना सही केलेला बाँड असतो, आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडल्याशिवाय पुढची कंपनी दारात उभं करत नाही. नवी नोकरी देणाऱ्याला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो आणि तोच स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस सोडत नाही. ठरावीक वर्षं नोकरी न केल्यास दोन लाख रुपये भरावे लागतील, ही विजया बँकेची अट मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवली. नोकरी चालू असतानाचं बंधन कलम २७ च्या आड येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायदेशीर तर्क समजण्यासारखा आहे. पण जॉब्जच्या आणि गेट्सच्या तासांचे दाखले देणाऱ्यांनी आधी या तीन महिन्यांबद्दल बोलावं, असं मला वाटतं.

कॅलिफोर्नियातही हे दार कायमचं उघडं राहिलं नाही, आणि ते लोटणाऱ्यांत पुढे होता जॉब्ज. २००५ नंतर ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी अशा कंपन्यांनी आपसांत ठरवलं, की एकमेकांची माणसं फोडायची नाहीत. माणसांना अर्थातच याची खबर नव्हती. २००७ मध्ये गूगलच्या कुणा भरती करणाऱ्यानं ॲपलच्या अभियंत्याला विचारणा केली. जॉब्जनं तक्रार केली, त्या भरती करणाऱ्याला काढून टाकत असल्याचं त्याला कळवण्यात आलं, आणि जॉब्जनं ईमेलवर उत्तर म्हणून फक्त हसऱ्या चेहऱ्याची खूण पाठवली. त्याच वर्षी त्यानं पाम कंपनीच्या एड कॉलिगनपुढेही असाच समझोता ठेवला आणि पेटंटच्या खटल्यांची भीती घातली. कॉलिगननं नकार दिला. हे चुकीचं आहे आणि बहुधा बेकायदाही, असं लेखी कळवलं. बाकीच्यांनी कळवलं नाही. अमेरिकी न्याय खात्यानं २०१० मध्ये हे समझोते बंद पाडले, अभियंत्यांनी सामूहिक दावा लावला, आणि २०१५ मध्ये ॲपल, गूगल, इंटेल आणि अडोबी यांनी ४१.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. दाव्यात ६४ हजारांवर माणसं होती. वकिलांची फी वजा जाता माणशी काही हजार डॉलर आले.